हजेरीपटावरील पूर्वज

घराण्याचा इतिहास म्हटला की आपल्याकडे सनदा, वतनपत्रे, महजर आणि वाड्याच्या माळ्यावर रुमालात बांधलेली दप्तरे डोळ्यांपुढे उभी राहतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कितीतरी घराण्यांचे कुलवृत्तांत छापले गेले, आणि ते छापता आले याचे कारण उघड आहे. वतनदाराचे उत्पन्नच कागदावर अवलंबून होते, म्हणून त्याने कागद प्राणापलीकडे जपला. ज्याला वतन नव्हते, जो खोताची जमीन कूळ म्हणून कसत होता, गिरणीत साचे चालवीत होता किंवा रेल्वेच्या कारखान्यात घण मारीत होता, त्याने कागद कशासाठी जपावा? जपण्यासारखे त्याच्यापाशी होते काय? यावरून अशा घराण्यांना इतिहासच नाही असा एक समज रूढ झाला आहे. खुद्द त्या घराण्यांतील शिकलेली मंडळीही तो मुकाट्याने मान्य करतात. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. श्रमिकाच्या घराण्याचा कागद नष्ट झालेला नाही. तो त्याच्या घरी नाही, एवढेच.

तो आहे सरकारच्या, खोताच्या, मालकाच्या आणि तीर्थोपाध्यायाच्या घरी. या सर्वांना आपल्या पूर्वजाकडून काही ना काही हवे होते. कुणाला सारा, कुणाला श्रम, कुणाला दक्षिणा. ज्या दिवशी ते घेतले गेले त्या दिवशी त्याचे नाव लिहिले गेले. एरवी तो आपला निनावीच जगला. हे सूत्र ध्यानी ठेवले म्हणजे शोध कोठे घ्यावयाचा हे आपोआप कळू लागते. पूर्वजाने काय लिहून ठेवले असा प्रश्न न करता, त्याच्याकडून कोणी काय घेतले असा प्रश्न करावा.

झाशीत मराठी माणसाची आठवण निघाली की ती नेवाळकरांपाशी आणि राणी लक्ष्मीबाईंपाशी सुरू होते, व ते स्वाभाविकच आहे. परंतु आपल्या मंडळाच्या सभासदयादीवरून सहज नजर फिरविली तरी दिसेल की आपल्यांपैकी कित्येकांचे आजे-पणजे येथे आले ते नेवाळकरांच्या पदरी नव्हे, तर १८९५ साली उभ्या राहिलेल्या रेल्वेच्या कारखान्यामुळे आणि त्याभोवती वाढलेल्या नोकऱ्यांमुळे. माझे आजोबा त्यांतलेच. ते परळच्या कारखान्यातून इकडे बदलून आले. त्यांचे वडील मुंबईस गिरणीत साचेखात्यात होते आणि त्यांचे वडील रत्नागिरी जिल्ह्यात कूळ होते, एवढे घरात ऐकिवात होते. कागद म्हणाल तर एक नाही. या ऐकिवाला कागदाचा आधार मिळतो काय हे पाहण्यात रजेचे बरेच दिवस गेले. त्यातून जे हाती लागले ते इतर कुटुंबांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

शोधाचा पहिला नियम असा की आपल्यापासून मागे जावे, मूळ पुरुषापासून पुढे येऊ नये. मूळ पुरुष उदेपूरहून आला असे सांगणारी कथा बहुतेक घरांत असते. तिला तूर्त नमस्कार करून बाजूस ठेवावे. रेल्वेच्या नोकरास सेवापुस्तक असते. त्यात नाव, वडिलांचे नाव, मूळ गाव, उंची, अंगावरील खुणा, नोकरीस लागल्याची तारीख, पगार, दंड आणि बोटांचे ठसे असतात. श्रमिक घराण्याला यापरते चरित्र कोठून मिळणार? ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १९२५ साली सरकारी व्यवस्थापनाखाली आली आणि १९५१ साली मध्य रेल्वेत विलीन झाली. कोणता कागद कोणत्या कचेरीकडे गेला असेल याचा तर्क करताना ही दोन साले विसरू नयेत. मूळ गावाचे नाव इंग्रजीत, तेही मराठी न जाणणाऱ्या कारकुनाने कानाला आले तसे लिहिलेले असते. नांदगाव, वडगाव या नावांची गावे तर डझनांनी आहेत. तालुका कळल्यावाचून पुढे जाता येत नाही. शिवाय त्या काळचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा नव्हे. सिंधुदुर्ग त्यातून १९८१ साली वेगळा झाला, आणि सावंतवाडी तर १९४८ पर्यंत संस्थान होते, म्हणजे तिकडचे दप्तर निराळे.

जन्मतारखेविषयी एक सूचना. ती १ जून असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. शाळा जूनमध्ये उघडत, बाप मुलाला घेऊन येई, वय विचारले तर ‘मोठ्या पुराच्या साली झाला’ असे सांगे, आणि मास्तर १ जून लिहून मोकळे होत. अर्धा महाराष्ट्र या एकाच दिवशी जन्मलेला आहे!

मुंबईचा टप्पा सर्वांत अवघड. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढल्या शंभर वर्षांत लाखो माणसे कोकणातून व घाटावरून गिरणगावात आली. तरीही त्यांतील एखाद्याचा माग काढू जाता हाती फारसे लागत नाही, कारण कामगाराला कंपनी ओळखतच नव्हती. त्याला ओळखत होता मुकादम, म्हणजे जॉबर. माणसे तो आणी, तोच लावी आणि तोच काढी. पहाटे गिरणीच्या दाराशी उभे राहून त्या दिवसापुरते काम मिळविणारा बदली कामगार तर हजेरीपटावर आज आहे आणि उद्या नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. हे कामगार स्वतःहून, आपल्या मागणीसाठी, कागदावर उमटल्याचे एक अगदी आरंभीचे उदाहरण होय.

नंतरच्या काळातील कागद अधिक आहेत. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने अपघातात मृत्यू आला तर वारसांची नावे विचारणे भाग पडले. बदली कामगारांना १९३० नंतरच्या दशकात कार्डे मिळू लागली. स्वातंत्र्यानंतर राज्य विमा योजना व भविष्यनिर्वाह निधी आले. परंतु १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि ज्यांचे यंत्रच भंगारात गेले त्यांच्या हजेरीपुस्तकांची वास्तपुस्त कोण करणार? या कागदांचे मोल किती होते हे २०१२ साली कळले. त्या वर्षी म्हाडाने गिरणीकामगारांच्या घरांची सोडत काढली. या घरांसाठी १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर आपण अथवा आपला बाप गिरणीच्या पटावर होता हे दाखवावे लागते. जुने ओळखपत्र, पगाराची चिठ्ठी, विम्याचे कार्ड, यांपैकी काहीतरी हवे. ज्या म्हातारीने ट्रंकेच्या तळाशी नवऱ्याचा गिरणीचा पास जपून ठेवला होता तिला दावा सांगता आला. ज्यांच्या सुनेने घर आवरताना ‘जुने कागद’ रद्दीत घातले, त्यांची तेहतीस वर्षांची नोकरी हवेत विरली.

या साऱ्यात एका गोष्टीचा विस्मय वाटतो. १८३४ पासून मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर जाऊ लागले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेले रत्नागिरीकडील मराठी लोकही होते. पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरलेल्या प्रत्येकाची नोंद झाली. क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जिल्हा, उंची, अंगावरील खुणा, जहाजाचे नाव हे सारे तीत आहे, आणि १८६० नंतरच्या दशकापासून छायाचित्रेही आहेत. हे दप्तर मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेले आहे, व तेथील मराठी कुटुंबे त्यावरून आपले कोकणातील गाव शोधीत येतात. म्हणजे दोघा भावांपैकी सातासमुद्रापलीकडे वेठीस गेलेल्याचा चेहरा आज पाहावयास मिळतो, आणि आगबोटीने एका दिवसात मुंबईला पोहोचून गिरणीत लागलेल्या भावाचे नावही सापडत नाही. ज्याला करारात जखडले त्याची नोंद चोख, आणि मोकळ्या मजुराची नोंद ठेवण्याची कोणास गरज नाही. नोंद म्हणजे सन्मान नव्हे, ती बहुधा मालकीची खूण असते, हे हे दप्तर चाळणाऱ्याने विसरू नये.

जनगणनेकडून मात्र आशा धरू नये. विलायतेत १८४१ पासूनची घरोघरची पत्रके शंभर वर्षांनी खुली होतात व तेथील कोळशाच्या खाणीतला मजूरही आपला खापरपणजा घरबसल्या शोधतो. आपल्याकडे आकडे काढल्यानंतर व्यक्तिगत नोंदी जपण्याची प्रथा नव्हती, आणि १९४८ च्या कायद्याने त्या कोणास पाहताही येत नाहीत. तरीपण जुन्या अहवालांतून एक गोष्ट कळते. रत्नागिरी जिल्ह्यात पुरुषांहून स्त्रियांची संख्या सतत अधिक आढळे; पुरुष मुंबईस आणि पलटणीत असत. आपले पणजोबा मुंबईस होते आणि पणजी गावीच होती या घरगुती वाक्याचा तो जिल्हाव्यापी पुरावा आहे. म्हणूनच मुंबईच्या शोधात अडलेल्याने गावच्या दप्तराकडे वळावे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग उद्भवला तेव्हा कामगार हजारोंनी गावाकडे पळाले आणि कित्येक गावीच वारले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाचेही तसेच. मुंबईत न सापडणारा माणूस या दोन सालांच्या आसपास गावच्या मृत्यूच्या नोंदीत आढळण्याचा संभव असतो.

ही नोंद गावकामगारांच्या जन्ममृत्यूच्या वहीत, ज्याला बोलीत कोतवाल बुक आणि सरकारी भाषेत गाव नमुना १४ म्हणतात, त्यात असते. या वह्या तहसील कचेरीच्या अभिलेखकक्षात मिळतात. त्यांत आडनाव क्वचितच असते. ‘धोंडू बिन राघो’ एवढेच असते. ‘बिन’ म्हणजे पुत्र. आजोबाचे नाव नातवाला ठेवण्याची चाल असल्यामुळे राघोचा धोंडू, धोंडूचा राघो असे चक्र चालते, आणि दोन वेगळ्या पिढ्यांचे दोघे राघो एकच मानले जाण्याचा धोका असतो. वही पाहताना नावांकडेही निरखून पाहावे. दगडू, धोंडू, केरू, भिकू ही नावे बहुधा आधीची मुले दगावल्यावर, मृत्यूची दृष्ट लागू नये म्हणून ठेवीत. असे नाव सापडले की चार-सहा पाने मागे जावे. त्याच बापाच्या नावापुढे एक-दोन मृत्यू नोंदलेले दिसतात. माझ्या पणजोबांचे नाव धोंडू का, हे आमच्या घरात कोणास ठाऊक नव्हते. वहीत त्यांच्या आधीची तीन मुले आहेत. तिघांचेही वय वर्षाच्या आत.

आडनावाच्या बाबतीत आग्रही राहू नये. ते गावावरून, धंद्यावरून, प्रसंगी मास्तरांच्या मर्जीवरूनही पडते. महात्मा जोतीराव फुल्यांचे घराणे मूळचे कटगुणचे गोऱ्हे. फुलांच्या धंद्यावरून फुले झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर आपणा परमुलखातील लोकांस अधिक जवळचे आहे. वडील सुभेदार रामजी सकपाळ पलटणीत, म्हणून जन्म १८९१ साली महूचा. मूळ गाव मंडणगडाजवळील आंबडवे. आणि शाळेतील नोंद साताऱ्याची. तेथील सरकारी हायस्कुलाच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलाच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० रोजी, अनुक्रमांक १९१४ वर, ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव आहे, व ते पान आजही जपून ठेवलेले आहे. एका शिपाईपेशाच्या घराण्याची साखळी तीन ठिकाणच्या तीन कागदांवरून अशी जुळते. ज्यांचे आजे पलटणीत वा रेल्वेत होते त्यांनी शाळेची नोंदवही आधी पाहावी. शाळा बहुधा असते तेथेच असते आणि मुख्याध्यापक, नीट विचारल्यास, कपाट उघडतात.

जमिनीचे दप्तर त्याहून मागे नेते. हक्कनोंदणीची पद्धत मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने आली. फेरफार आणि सातबारा हे तिचेच अपत्य, आणि बऱ्याच तालुक्यांचे जुने फेरफार आता संगणकावर पाहता येतात. कोकणात मात्र सातबाऱ्यावर खोताचे नाव दिसून आपला पूर्वज दिसला नाही तरी निराश होऊ नये. १८८० च्या खोती कायद्यानंतर मोजणीच्या वेळी जी बोटखते झाली त्यांत कोणते कूळ कोणता तुकडा कसते आणि खोतास काय देते हे लिहिलेले असते. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, बोटखते राहिली. आमच्या कुळाचा सर्वांत जुना कागदी पुरुष तेथेच सापडला. त्याच्या नावापुढे भाताचा मक्ता लिहिलेला आहे. त्याने किती दिले हे ठाऊक आहे, त्याला किती उरले हे लिहिण्याची तजवीज त्या पत्रकात नाही. बहुतेक श्रमिक घराण्यांची साखळी याच सुमारास तुटते. पेशवाईत शिरावयाचे तर पुण्याच्या पेशवे दप्तरातील जमाबंदीचे कागद आहेत. पण तेथे मोडी हवी, आणि ‘इहिदे खमसैन मया व अलफ’ म्हणजे ११५१ व त्यात ५९९ मिळविले की इसवी सन १७५० हा हिशेबही यावा लागतो. १९५० च्या सुमारास मोडी शाळांतून गेली. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्या. संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणारे हुडकून आणण्याची पाळी आली. जातीचा दाखला पूर्वजाच्या कागदावर मिळतो आणि कागद कोणास वाचता येत नाही, अशी ही अवस्था.

नाशिक-त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्या सर्वश्रुत आहेत. अस्थी घेऊन गेलेल्या गरीब कुणब्याचेही नाव त्यांत असते, मात्र उपाध्याय गावावरून शोधतो, आडनावावरून नव्हे. सातारा-सांगली-कोल्हापूरकडील मंडळींनी हेळव्याला विसरू नये. बैलावरून गावोगाव फिरणारा हा वंशावळ सांगणारा माणूस पूर्वी अडाणी म्हणून हसण्यावारी नेला जाई. त्याच्या चोपड्यांत जी नावे आहेत ती कित्येकदा सरकारी दप्तरातही नाहीत.

आता एका निराळ्या कागदाविषयी. गिरणगावातील चाळींत गावकऱ्यांचे गाळे असत. एका खोलीत एका गावचे वीस-पंचवीस पुरुष पाळीपाळीने झोपत आणि ग्रामस्थ मंडळ चालवीत. मंडळाच्या चोपडीत दरमहाची वर्गणी, देवळासाठीची पट्टी, कोण आजारी पडला, कोणाच्या मर्तिकाला किती दिले, हे सारे लिहिलेले असे. सरकारच्या किंवा मालकाच्या वहीहून ही वही मला वेगळी वाटते, कारण ती घेणाऱ्याने लिहिलेली नाही, देणाऱ्यांनीच आपसांत लिहिलेली आहे. माझ्या पणजोबांच्या नावापुढे एका चोपडीत चार महिने ‘गावी’ असा शेरा आहे आणि नंतर थकलेली वर्गणी एकदम भरल्याची नोंद आहे. पेरणीला गेले असावेत. बी.डी.डी.च्या चाळी आता पुनर्विकासात पाडल्या जात आहेत, त्यांच्याबरोबर हे गाळेही जातील. चोपड्या कोणी उचलून ठेवल्या तर ठेवल्या. आपल्या मंडळाची पन्नास वर्षांची सभासदपुस्तके आणि पावतीपुस्तके कार्यालयातील लोखंडी कपाटात आहेत. खालच्या कप्प्याला गेल्या दोन पावसाळ्यांत ओल आली आहे, याकडे कार्यकारिणीने लक्ष द्यावे.

शेवटी स्त्रियांविषयी. जन्माच्या वहीत मुलगी बहुधा ‘मुलगी’ एवढीच असते. बारसे व्हायच्या आत नोंद होते. लग्नात तिचे माहेरचे नाव जाते, आणि पुढे ती अमक्याची बायको होते. गिरणीत वाइंडिंग व रीळ खात्यांत बायका पुष्कळ होत्या. १९२९ च्या मुंबई प्रसूतिलाभ कायद्याखाली ज्यांनी पैसे मागितले त्यांची नावे तेवढी स्वतंत्रपणे लिहिली गेली. बाकीच्यांचा शोध नवऱ्याच्या भविष्यनिर्वाह निधीच्या अर्जात घ्यावा. आपल्यामागे रक्कम कोणास द्यावी, या रकान्यात ती सापडते.

जुन्या दस्तऐवजांवर कुणबी सहीऐवजी नांगर काढीत असे आणि लेखक बाजूस ‘निशाणी नांगर’ असे लिही. गाव सुटले तसा नांगरही सुटला आणि अंगठा आला. आजोबांच्या अर्जाला जोडलेल्या पत्रावर आजीचे नाव आहे, नाते ‘पत्नी’, वय ‘अंदाजे ३०’, आणि खाली तिचा एकच ठसा. आमच्या घराण्यातील बाईच्या हातचा त्याहून जुना कागद मला मिळालेला नाही. ठशाशेजारी कारकुनाने निळ्या शाईत लिहिले आहे: ‘निशाणी डावे हाताचा अंगठा.’